भुरीची माय

सालईवाडी, बुटीबोरी
१४ सप्टेंबर २०२४

हर्षा बाई, जयभीम.

तू बरी असशीन. आमच्या घरचं बरं नाही. परवा सकाळी जंगलखात्याची गाडी आली आन भुरीले पिंजऱ्यात घालून नागपूरले घेऊन गेली.

फोन काहून नाही केला म्हणशीन. माह्या कानाचं तुले माहीत आहे. लूमच्या खटखटीत सारी नोकरी गेली, तिच्यासंगं कानही गेले. फोन तुही मामी ऐकते, मंग माह्या कानात ओरडून सांगते, आन आख्खी गल्ली दारात येऊन उभी राहते. हे गल्लीले सांगायचं नाही म्हून कागद लिहून राहिलो.

झालं असं का, कंपनीच्या गेटवरच्या गार्डानं भुरीचा व्हिडिओ काढला. शेळ्यांमांगं चालून राहिली होती बिचारी, रोज चालते तशी. त्यानं खाली लिहिलं, बुटीबोरीत लांडगा. बस, गाडी दारात. रेंजर एक बाई आहे, दामिनी मॅडम. आवाज न चढवता बोलते, म्हून मले तिचं काही ऐकू आलं नाही. मामीनं मांगून सांगतलं. मॅडम म्हणे, काका, हे कुत्रं वाटत नाही, याची रक्ताची तपासणी होईन. लांडगा निंघाला तर घरी ठेवता येत नाही. कुत्रं निंघालं तर तुमचं तुमाले परत.

तुले अर्धीच गोष्ट माहीत आहे, बाकी सांगतो. जानेवारीत मिलीमांगच्या रिकाम्या प्लॉटवर नालीचं काम चाललं होतं. जेसीबीवाल्यानं उकरता उकरता एक बीळ फोडलं. आत चार पिल्लं, तीन तिथंच गेली. चौथी ही. डोळे पन उघडले नव्हते. माय कुठं दिसली नाही. मी शर्टात घालून घरी आनली. आपली कुत्री चंद्री तवा व्याली होती, तिच्या पिल्लांत सोडून देली. चंद्रीनं एक डाव हुंगलं आन चाटाले लागली. तवापासून भुरी घरातली.

आता माहं म्हणणं एकच. तू जनावराच्या रक्तातलं वाचते. ती तपासणी कोनाकडे जाते ते पाहाय आन भुरी कुत्रं आहे असं निंघू दे. तिनं आजवर एका शेळीले दात लावला नाही. मामी जेवत नाही. मी जेवतो, पन चव नाही.

तुहा मामा,
मधुकर


नागपूर
१९ सप्टेंबर २०२४

मामा, मामी, दोघांनाही जयभीम.

तुमचं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारी आमच्या लॅबमध्ये रक्ताची एक नळी आली. वर लिहिलेलं, बुटीबोरी, मादी, वय अंदाजे आठ महिने. ती माझ्याच टेबलावर आहे. ही आमच्या घरची भुरी आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. आमचे अश्विन सर आहेत, त्यांना तरी सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं की नळी माझ्या हातून जाईल, म्हणून गप्प बसले. हे बरोबर नाही, मला माहीत आहे.

आता नीट वाचा, आणि मामीला ओरडून सांगायला लावू नका. भुरी कुत्रं निघणार नाही. उन्हाळ्यात तिला मांडीवर घेतलं तेव्हाच तिचे लांब पाय बघून मला कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आमची पहिली चाचणी फक्त आईकडून आलेला धागा बघते. आई, तिची आई, तिचीही आई, असं मागं मागं. बापाचं त्यात काहीच येत नाही. बीळ लांडगीचं होतं, तर चाचणी लांडगाच सांगणार.

आणि मामा, तेच चांगलं आहे. पिल्लू लहान आहे. आधी जाळी लावलेल्या मोठ्या कुरणात ठेवतील, शिकार शिकू देतील, मग जिथं लांडगे आहेत तिथं सोडून देतील. तुमच्या अंगणात ती पुन्हा येणार नाही, पण मोकळी राहील.

भीती एकाच गोष्टीची आहे. तिच्यात कुत्र्याचं रक्त मिसळलेलं निघालं तर ना घर, ना जंगल. लांडगे फार थोडे उरलेत, म्हणून मिसळीचं जनावर त्यांच्यात सोडणार नाहीत, आणि लांडग्याचं रक्त म्हणून घरीही देणार नाहीत. ऑपरेशन करून तिची वीण बंद करायची आणि जन्मभर पिंजरा, असंच ठरलेलं आहे. तेव्हा हात जोडून सांगते, बयान मागितलं तर एवढंच सांगा की जेसीबीनं बीळ फोडलं, तिथून आणली. घरच्या कुत्र्यांचा विषयसुद्धा काढू नका. हे मिटेपर्यंत मी घरी येत नाही, तुम्हीही लॅबकडे फिरकू नका.

तुमची,
हर्षा


सालईवाडी
२४ सप्टेंबर २०२४

हर्षा बाई,

तुहा कागद आज भेटला. बयान मी कालच देऊन आलो.

मॅडमले समजलं होतं मले ऐकू येत नाही म्हून. तिनं कागदावर लिहून इचारलं, हिची आई कोण? मी म्हटलं, चंद्री. आता तूच सांग, दुसरं काय सांगू? शेळी मेली आन तिचं पिल्लू दुसरीले लावलं का ते दुसरीचंच. कोनी इचारलं, हे कोनाचं, तर जिनं पाजलं तिचंच नाव सांगायचं. मेलेलीचं नाव काढलं तर पाजनारी आटते, हे तुही आजी सांगत होती. सारे शेळीवाले असंच सांगतात. बिळातली माय जिती का मेली मले काय माहीत. पाजलं चंद्रीनं.

मॅडमनं दोन डाव इचारलं, पक्कं का काका? मी म्हटलं पक्कं. तिनं लिहिलं, मी सही केली. जेसीबीचं तिनं इचारलं नाही म्हून मी सांगतलं नाही.

मले वाटलं माय कुत्री म्हटल्यावर आजच देतीन. जाताना भुरीची दोरी खिशात घेऊन गेलो होतो.

मधुकर


नागपूर
१२ ऑक्टोबर २०२४

मामा,

नमस्कार राहू द्या, मला आधी भांडू द्या. तुम्ही काय करून बसलात?

पहिल्या चाचणीत लांडगा आला, मी म्हटलं तसा. कागद तिथंच बंद व्हायचा होता. पण दामिनी मॅडमनी रिपोर्ट आणि तुमचं बयान शेजारी शेजारी ठेवलं. रिपोर्ट म्हणतो आई लांडगीण, बयान म्हणतं आई घरची कुत्री. एक तर नळी बदलली किंवा जनावर मिसळीचं आहे, असं त्यांना वाटलं. कोणालाही वाटलं असतं. त्यांनी पूर्ण चाचणी मागितली, आईची आणि बापाचीही. तुम्ही आता जाऊन बयान फिरवलं तरी ती थांबत नाही. नळी पुन्हा माझ्या टेबलावर आली आहे. 

रागात लिहिलं, आता नीट विचारते. मागच्या दिवाळीच्या सुमाराला आपला कुत्रा शेऱ्या त्या प्लॉटवर जायचा का? खरं सांगा.

इकडे सर मात्र खूश आहेत. म्हणतात आईकडचा धागा फार जुना आहे. आपल्याकडचा लांडगा जगातल्या बाकी लांडग्यांपासून लाखभर वर्षांपूर्वीच वेगळा झाला असावा. गंमत अशी की नुसता आईचा धागा मोजला तर तो त्याहूनही कितीतरी जुना निघतो, आणि दोन्हीकडचं मोजलं तर हा लाखभर वर्षांचा. मग शेताच्या धुऱ्यावरून भाऊ भांडतात तसे जगभरचे शहाणे यावर भांडतात. कुत्रा ज्या लांडग्यापासून झाला तो आपला नव्हेच, दुसराच कुठला तरी, आता नामशेष झालेला, असं पुष्कळ जण म्हणतात. कुठं झाला आणि एकदा झाला की दोनदा, यावर अजून एकमत नाही. एरवी मी हे सगळं रात्रभर वाचत बसले असते. आता अक्षर दिसत नाही.

हर्षा


सालईवाडी
१९ ऑक्टोबर २०२४

हर्षा बाई,

शेऱ्या जात होता वं. दिवाळीच्या टायमाले दोन दोन दिवस घरी येत नव्हता, आला का मामी त्याले शिव्या देत होती. आमाले वाटलं खालच्या वस्तीत कुठं कुत्री असन. लाख वर्षांपूर्वी हे वेगळे झाले म्हणते तू. शेऱ्याले ते कोनी सांगतलं नव्हतं.

माही चूक झाली ते समजलं. तू भांडली, बरं केलं. पन आता मीही लिहितो, राग येऊ दे. तुह्या कागदात ते मिसळीचं, मिसळीचं वाचून माह्या डोक्याची शीर तटतटली. कोनाच्या रक्तात काय आहे ते पाहून त्याले गावाबाहेर ठेवणारे आपल्या बापजाद्यांनी भल्ले पाह्यले. माह्या बाबानं छप्पन साली नागपूरले जाऊन त्याच गोष्टीवर पानी सोडलं. आन आज त्याची नात मशीन लावून मोजून राहिली, अर्धी का पाव. भुरीनं कोनाचं काय बिघडवलं? तिच्या माय-बापाले एकमेक पटले, एवढंच.

आता ऐक. मले ती घरी नको. खरंच नको. तू म्हणते तसं तिले कुरणात सोडू दे, मी तोंड पाहाले बी येणार नाही. तुह्या हातात आहे. कागदावर लांडगा लिही. तीन अक्षरं आहेत. तुह्या सरले काय समजते, तो तर आधीच खूश आहे. मी आजवर तुले काही मांगतलं नाही. तुही माय गेली तवा तुले इथं आनून शिकवली, ते मी कधी मोजलं नाही आन आजही मोजत नाही. पन हे मांगतो.

मधुकर मामा


नागपूर
२३ नोव्हेंबर २०२४

मामा, जयभीम.

महिनाभर तुम्हाला लिहायचं टाळलं. तुमचं पत्र मी लॅबच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथंच रडले. रागानं नाही. तुम्ही लिहिलं त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

तरी माझं ऐका. माणसांची रक्तं मोजून उच्च-नीच ठरवणारे खोटे होते, हेही आमच्यासारख्यांनी मोजूनच सांगितलं. माणसं सगळी एक. लांडग्याचं वेगळं आहे. गावोगाव कुत्री हजारांनी आणि लांडगे मूठभर. अशीच मिसळ होत राहिली तर तुमच्या-माझ्या पाहण्यात हा जुना लांडगा संपेल, आणि कोणी मारून नाही, नुसता विरघळून. भुरी आपली आहे म्हणून हे खोटं होत नाही. मी ते मनाला रोज सांगते, आणि रोज अर्धंच पटतं.

चाचणी मी पुन्हा पुन्हा लावली. तुलनेला घेतलेले लांडगे बदलून पाहिले. त्यांच्यातही कुठं कुत्र्याचं रक्त असेल, मग भुरीचा आकडा सरकेल, अशी आशा होती. शास्त्रातल्या सगळ्या भांडणांतून तिच्यासाठी एक फट शोधत होते. आकडा अर्ध्यावरून हलला नाही. आई लांडगीण, बाप कुत्रा.

मग एका दुपारी मी रिपोर्टमध्ये लांडगा टाइप केलं. संध्याकाळपर्यंत ते पडद्यावर ठेवून बसले होते. सही एवढीच बाकी होती. मामा, माझा हात गेला नाही. मी उठून सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, की हे माझ्या मामाचं जनावर आहे, मी दोन महिने लपवलं. सर एवढंच म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. त्यांनी वेगळ्या नळीतून स्वतः चाचणी लावली. तेच आलं.

त्यांनी सही स्वतः करतो म्हटलं. मीच नको म्हटलं. त्यांच्या सहीमागं लपून तुम्हाला पत्र लिहिता आलं नसतं. कागदावर संकर असं लिहिलं आहे आणि खाली माझं नाव आहे.

पिंजरा मीच बंद केला. तुम्ही मला हवं ते बोला, पण बोला.

हर्षा


सालईवाडी
२२ डिसेंबर २०२४

हर्षा,

मी गोपिका मामी. माह्या अक्षराले हसू नोको.

तू सही केल्याचं लिहिलं, त्याच्या नंतरचे तुहे दोन कागद आले, पन मामानं ते फोडले नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवून देले. तुह्यावर राग का म्हटलं तर मान हालवतात. मंग वाचत काहून नाही म्हटलं तर उठून जातात. शेळ्या मिलीमांगं चाराले नेत नाहीत, भल्ला लांब वेढा घालून नेतात. शेऱ्याले सकाळी साखळीनं बांधतात, कधी बांधलं नाही ते. मी म्हटलं त्या मुक्याचा काय गुन्हा. तर म्हणे याच्यापायीच झालं. संध्याकाळी स्वतःच सोडतात आन त्याच्यापाशी बसून राहतात. चंद्री मात्र रोज फाटकापाशी जाऊन येते.

गल्लीतले म्हणतात पोट्टीनं मामाचं जनावर डांबलं. मी म्हटलं, तिनं खोटं लिहिलं असतं तर तुमीच म्हटलं असतं, शिकून चोर झाली.  मी तुह्याकडून बोलली, पन बाई, मलेही तू तसं करायले नको होतं असं वाटते. दोन्ही वाटते. मी काय करू.

भुरीले पाहाले भेटीन का, तेवढं इचारून सांग. हा मानूस असा घरातल्या घरात कोंडून घेऊन बसला आहे. एक डाव तिले पाहीन तर कदाचित बोलाले लागीन.

गोपिका


नागपूर
१९ जानेवारी २०२५

मामी, हे पत्र मामांना वाचून दाखवा. गल्लीनं ऐकलं तरी चालेल.

भुरीचं ऑपरेशन झालं. जखम भरली आहे. काल रक्त घ्यायला मला पहिल्यांदा बचाव केंद्रात बोलावलं होतं, यापुढं अधूनमधून जावं लागणार आहे. सरांना तो आईचा धागा अजून वाचायचा आहे.

जागा वाईट नाही. जाळी स्वच्छ आहे, मांस वेळेवर देतात, सिमेंटच्या ओट्यावर गवत टाकलेलं आहे. ती एकटी असते. शेजारच्या कुरणात लांडगे आहेत, त्यांच्यात सोडत नाहीत. ते ओरडले की ती ओरडते, मग मध्येच थांबते आणि भुंकते. मग तिकडचे गप्प होतात. जाळीच्या कडेकडेनं चालत राहते, तिथलं गवत उडून माती दिसते आहे.

मला तिनं ओळखलं. माझे हात हुंगले, शेपूट हलवली, बारीक आवाज काढला. मग माझ्या बाजूनं डोकं काढून माझ्या मागं बघायला लागली. मी रक्त घेत होते तेव्हाही मागंच बघत होती. मला आधी कळलं नाही. दामिनी मॅडमना कळलं. त्या म्हणाल्या, तुमच्यासोबत अजून कोणी येणार होतं का?

बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या की काकांना एकदा आणा, दहा मिनिटांची परवानगी मी काढते. त्या बयानाचं त्यांच्याही मनाला लागलं आहे. मामा, या. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी बुटीबोरीला घ्यायला येते. आणि जमणारच नसेल तर चंद्री झोपते ते पोतं तेवढं द्या. मी तिच्या ओट्यावर टाकते. थंडी आहे, तिला बरं वाटेल.

हर्षा


सालईवाडी
२६ जानेवारी २०२५

हर्षा बाई, जयभीम.

मामीनं डब्याखालचे कागद आन हा नवा, सारे माह्यापुढं आनून टाकले. आज बसून वाचले. तुह्यावर राग होता. आताही थोडा आहे, जाईन. माहा स्वतःवर जास्त आहे. तू सही केली ते मी मामीले बोललो नाही, पन तुले लिहितो, मले बरं वाटलं नाही आन वाईट बी म्हणता येत नाही. आता त्याच्यावर बोलायचं नाही.

मी येणार नाही. मामीनं जायची साडी काढून ठेवली होती, तिलेही नाही म्हटलं.  मॅडमले सांग, तुमी इचारलं तेच लय झालं.

काहून येत नाही ते सांगतो. मी दिसलो का तिले वाटीन, न्यायले आला. दहा मिनिटं मी जाळीपाशी उभा राहीन, ती माहे हात चाटीन, आन मंग मी पाठ फिरवून चालाले लागीन. चंद्रीचं नाव सांगून मी तिले एक डाव त्या पिंजऱ्यात घातली, समजून नाही घातली. आता समजून सवरून दुसऱ्यांदा नाही घालनार. ती तुह्या मांगं पाहून राहिली होती, ते मी दोन डाव वाचलं.

पोतं बी धाडत नाही. मामीनं बांधून ठेवलं होतं, मी सोडून चंद्रीले परत टाकलं.

तुले रक्त घ्यायले जावंच लागते, तर जाय. पन त्याच्या आधी आमच्याकडे येऊ नोको. तुह्या रूमवरूनच जाय. साबन लावून आंघोळ कर, धुतलेले कपडे घाल. शेळ्यांचा, चंद्रीचा, आमचा कोनाचाच वास तुह्या आंगाले नको. तिथं आपल्या बोलीत बोलू नोको आन भुरी म्हून हाक मारू नोको. पिंजऱ्याचा काही नंबर असन, तो लिही, रक्त घे आन निंघून ये. तिले इसरू दे वं. तिथंच राहायचं असन तर इसरल्याबिगर राहता येत नाही.

ज्या दिवशी ती तुह्या मांगं पाहणार नाही, त्या दिवशी मले एक कागद टाकजो.

तुहा मामा,
मधुकर